पांचांवर धारण



भीति ही माणसाची जन्माची सोबतीण. तेव्हां तिच्यासाठीं भाषेनें पुष्कळ नांवें घडवावीं यांत नवल नाहीं. मराठीचें भांडार या बाबतींत चांगलेंच भरलेलें आहे. भय आणि भीति हे साधे, सर्वत्र चालणारे शब्द. धाक असतो तो वडिलांचा किंवा मास्तरांचा. त्यांत भीतीबरोबर आदराचाही अंश असतो. धास्ती ही येऊं घातलेल्या संकटाची, तर धसका हा येऊन गेलेल्या संकटाचा. दहशत हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनें आपल्या दफ्तरांत आलेला. अरबींत त्याचा रोख भयापेक्षां थक्क होण्याकडे, गोंधळून जाण्याकडे अधिक आहे. मराठींत येतां येतां त्यांतील आश्चर्य गळालें आणि भय तेवढें उरलें. धास्ती हें याच दहशतीचें घरगुती झालेलें रूप आहे, असें कोशकार सांगतात.

परंतु भीति हाताबाहेर गेली म्हणजे एकटा शब्द तिला पुरत नाहीं. मग आपण वाक्प्रचारांकडे धांव घेतों. त्यांतले बहुतेक शरीराचे आहेत. बोबडी वळते, तोंडचें पाणी पळतें, पोटांत गोळा उठतो, अंगावर कांटा उभा राहतो. हे समजावयास मास्तर लागत नाहीं. ज्यास एकदां भीति वाटली आहे त्यास ते आपोआप समजतात. याहून निराळे असे दोन वाक्प्रचार आहेत. एक घराचा आणि दुसरा बाजाराचा. घराचा तो धाबें दणाणणें, आणि बाजाराचा तो पांचांवर धारण बसणें. पहिल्याची ओळख थोडक्यांत करून देतों. कारण आजचा माझा विषय दुसरा आहे.

धाबें म्हणजे मातीचें सपाट छप्पर. हमरस्त्यावरील जेवणाचा ढाबा तो निराळा. देशावर जेथें पाऊस बेताचा, तेथें लांकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यांवर माती चोपून धाबें घालीत. उन्हाळ्यांत त्यावर निजावें, धान्य वाळवावें, शेजारच्या धाब्यावरून आपल्या धाब्यावर यावें, अशी ती सोय होती. पण जी सोय घरच्या माणसास, तीच चोरास. रात्रीं डोक्यावरचें धाबें दणाणलें कीं खालीं निजलेल्या कुटुंबाची काय अवस्था होत असेल, हें सांगावयास नको. आमच्या पनवेलीस पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. येथें मातीचें धाबें एक आषाढही टिकणार नाहीं. येथील जुनीं घरें उतरत्या कौलांचीं. तरीही पनवेलचा माणूस घाबरला कीं त्याचें धाबें दणाणतेंच. वाक्प्रचार असे घाट उतरून येतात, आणि ज्यानें धाबें कधीं पाहिलें नाहीं त्याच्याही तोंडीं बसतात.

आतां पांचांवर धारण. मीं तीसांहून अधिक वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा, हा प्रश्न माझ्या हातून किती वेळां दिला गेला याची गणती नाहीं. मुलें लिहीत, 'वाघ पाहून माझी पांचांवर धारण बसली.' कोणी वाघाच्या जागीं साप घाली, कोणी परीक्षेचा निकाल. मी बरोबरची खूण करून पुढें जाई. एके दिवशीं एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "गुरुजी, यांत पांच कशाचे? आणि धारण म्हणजे काय?"

मला उत्तर येत नव्हतें. 'उद्यां पाहून सांगतों,' एवढें म्हणावयास काय हरकत होती? पण साऱ्या वर्गाचे डोळे माझ्याकडे लागले होते. मीं त्यास दरडावून खालीं बसविलें, आणि वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ विचारावयाचा नसतो, असा एक नियमही तेथल्या तेथें रचून सांगितला. धाक या शब्दाचा अर्थ त्या मुलास त्या दिवशीं चांगलाच समजला असेल.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तोच मुलगा माझ्या टेबलाशीं आला. त्यानें घरीं आजीला विचारलें होतें. हें कुटुंब मूळचें नगर जिल्ह्यांतलें. आजीनें १९७२ च्या दुष्काळांत सरकारी कामावर खडी फोडलेली. ती म्हणाली होती, "धारण म्हंजी दाण्याचा भाव. रुपायाला पाच शेर दाणं झालं, की मान्साचा धीर सुटतो." हें त्यानें मला इतक्या हळू आवाजांत सांगितलें, कीं शेजारीं उभ्या असलेल्या मुलांनाही ऐकूं जाऊं नये. मी "बरें, जा," एवढेंच म्हणालों.

त्या संध्याकाळीं मीं ग्रंथालयांत जाऊन दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडला. १९३२ ते १९३८ या वर्षांत सात भागांत निघालेलें हें थोर काम आहे. धारण म्हणजे भाव, दर. जमिनीच्या ठराविक साऱ्यास धारा म्हणत आणि तो भरणाऱ्यास धारेकरी. तोही शब्द याच कुळांतला. बाजारांत भाव ठरला म्हणजे धारण बसली. तेव्हां आजीचें उत्तर बरोबर होतें आणि तीस वर्षें शिकविणाऱ्या मास्तरास तें ठाऊक नव्हतें.

परंतु हा उलगडा ऐकून आजच्या श्रोत्यास एक अडचण पडेल. भाव पांचांवर आला, तर त्यांत भिण्यासारखें काय? आज आपण किलोस इतके रुपये असा भाव बोलतों. आंकडा वाढला कीं महागाई. पूर्वीं हिशेब उलटा होता. रुपया हा मोठा आणि दुर्मिळ. म्हणून रुपया ठरीव धरून त्यास किती शेर किंवा किती पायल्या दाणे मिळतात, हा भाव असे. आंकडा मोठा तर सुकाळ, आंकडा लहान तर दुष्काळ. जुन्या मापांत दोन कोळवीं म्हणजे एक चिपटें, दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, शेर आणि पायली व्यवहारांतून उठलीं, आणि त्यांच्याबरोबर या वाक्प्रचाराचा पायाही आपल्या डोळ्यांआड झाला.

मास्तराची खोड म्हणून एक उदाहरण घालतों. समजा, एका मजुरास दिवसाचे दोन आणे मिळतात. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून ही रुपयाच्या आठव्या हिश्श्याची मजुरी झाली. धारण वीस शेरांची असेल, तर त्याच्या पदरांत दिवसाकांठीं अडीच शेर दाणे पडतील. घरांतल्या पांच माणसांची भाकरी निघेल, आणि मीठमिरचीस थोडें उरेल. धारण दहांवर आली, तर सव्वा शेर. मीठमिरची गेली, भाकरी पातळ झाली. आणि धारण पांचांवर बसली म्हणजे एक मापटें आणि एक कोळवें. एवढ्या दाण्यांत एका कष्टकरी माणसाचेंही पोट धड भरत नाहीं. आतां त्या माणसानें घरीं परत जाऊन कोणास वाढावें आणि कोणास उपाशीं ठेवावें? ही ती भीति. वाघाची भीति क्षणाची असते. झाडावर चढावें, आरडाओरड करावी, वाघ निघून जातो. पांचांवर बसलेली धारण रोज सकाळीं उठून दाराशीं येते.

हा वाक्प्रचार अमुक एका दुष्काळांत जन्मला, असें सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. असा शब्द रुळावयास एक दुष्काळ पुरा पडला नसावा. आणि आमच्या देशावर दुष्काळांची कधींच वाण नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि परंपरेप्रमाणें बारा वर्षें चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मरणांत शतकानुशतकें राहिला. १६३० सालच्या दुष्काळानें गुजराथ व दख्खन ओस पडलें. तुकोबांच्या घरचा व्यापार त्यांत बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, हें त्यांनीं स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेविलें आहे. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं हडपसरच्या लढाईंत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीराव कोंकणांत उतरला आणि अखेरीस वसईस इंग्रजांशीं तह करून बसला. मागें राहिलेला मुलूख फौजांनीं आणि पेंढाऱ्यांनीं तुडविला. पुढच्या वर्षीं पावसानेंही हात आंखडला, आणि देशावर धान्य सोन्याच्या मोलाचें झालें.

या सर्वांपेक्षां आपणांस जवळचा म्हणजे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. तोंवर भोर घाटांतून आगगाडी सुरू होऊन बारा-तेरा वर्षें झालीं होतीं. पूर्वीं घाटावर पीक बुडालें तर खालचें धान्य बैलांच्या पाठीवरून चढावयास महिने लागत. आतां तें दिवसांत जाऊं शकत होतें. मग माणसें कां मेलीं? कारण आगगाडीनें धान्य नेलें खरें, पण तें ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याच्याकडे. जेथें पीक बुडालें नव्हतें तेथीलही भाव चढला. व्यापारांत हात घालावयाचा नाहीं, हें सरकारचें धोरण. परदेशीं होणारी निर्यातही थांबविली नाहीं. दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरीची कपात सुचविली, ती दिवसास एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं १८७७ च्या आरंभीं या कपातीविरुद्ध कामें सोडलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. त्याच वर्षीं जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक मंडळींनीं धनकवडीस दुष्काळग्रस्त मुलांसाठीं बालाश्रम उघडला. ब्रिटिश मुलखांतच या दुष्काळानें पन्नास लाखांहून अधिक बळी घेतले.

आमच्या पनवेलीस हा इतिहास पुस्तकांतला वाटत नाहीं. हें भाताचें बंदर. खाडीनें गलबतें येत, घाटावरून बैल उतरत, आणि १८३० सालीं भोर घाटाचा गाडीरस्ता झाल्यावर मुंबई-पुण्याची वर्दळ येथूनच वाहत असे. धान्याची धारण येथें रोज बसे आणि रोज उठे. येथून जवळच्या शिरढोणास १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास सरकारी कचेरींत नोकरी करणारा हा गृहस्थ दुष्काळी मुलखांतून हिंडला, त्यानें जें पाहिलें तें त्याच्या मनांत सलत राहिलें, आणि १८७९ सालीं त्यानें रामोशी व इतर सोबत्यांस जमवून बंड उभारलें. त्याच वर्षीच्या मे महिन्यांत त्याच्या अनुयायांनीं पनवेलजवळचीं पळस्पें आणि चिखली हीं गांवें लुटलीं. जुलईंत फडके पकडले गेले, पुण्यास खटला झाला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांनीं देह ठेविला.

त्या मे महिन्यांतील रात्रींचा विचार मीं पुष्कळदां केला आहे. आम्ही शाळेंत फडक्यांचें चरित्र शिकवितों तें अभिमानानें, आणि तें योग्यच आहे. पण पळस्प्याच्या ज्या घरांत मशाली शिरल्या, तेथील बायकामुलांचीही पांचांवर धारण बसलीच असेल. आणि ज्या भुकेल्या मुलखांतून ते बंड उठलें, तेथील घरांत तर ती आधींच खरोखर बसली होती. तेथें तो वाक्प्रचार नव्हता, बाजारभाव होता. एकाच शब्दाच्या दोन टोकांस हीं दोन घरें उभीं आहेत. एका घरची भीति दुसऱ्या घरीं कशी चालत जाते, हें इतिहास शिकवितांना मुलांस सांगावयास हवें होतें; तें माझ्या हातून राहून गेलें.

या वाक्प्रचारांतील शहाणपण पुढें विद्वानांनीं निराळ्या मार्गानें सिद्ध केलें. १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं दारिद्र्य आणि दुष्काळ या विषयांवर ग्रंथ लिहून दाखवून दिलें, कीं त्या वर्षीं बंगालमधील धान्याचा एकूण सांठा १९४१ सालापेक्षां कमी नव्हता. आणि १९४१ सालीं तर दुष्काळ पडला नव्हता. युद्धामुळें तांदूळ भडकला, शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मिळकत मात्र होती तेथेंच राहिली, आणि बाजारांत तांदूळ असतां तो विकत घेण्याची ऐपत नाहींशी झाली. ही गोष्ट ऐकून जगांतील अर्थशास्त्री विचारांत पडले. आपला वाक्प्रचार मात्र पहिल्यापासून हेंच म्हणत होता. त्यांत धान्य संपलें असें म्हटलेलें नाहीं, पाऊस गेला असेंही नाहीं. धारण बसली, एवढेंच म्हटलें आहे. कोठार भरलेलें असूं शकतें. भीति आंकड्याची आहे.

१९७२ चा दुष्काळ मला स्वतःला आठवतो. मी तेव्हां आठ-दहा वर्षांचा असेन. कोंकणांत झळ कमी. पण रेशनच्या रांगेंत आईचें बोट धरून उभें राहिल्याचें, आणि मिलो नांवाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी आम्ही भात खाणाऱ्या पोरांनीं तोंड वांकडें करून खाल्ल्याचें, चांगलें स्मरतें. घाटावर मात्र विहिरी आटल्या होत्या, गुरें कवडीमोलानें जात होतीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध यांवर खपत होतीं, आणि सुकडी खाऊन दिवस काढीत होतीं. कष्ट अपार झाले. परंतु १८७७ सारखीं माणसें किड्यामुंगीप्रमाणें मेलीं नाहींत, कारण त्यांच्या हातांत मजुरी आणि रेशनचें धान्य पोंचत होतें. त्या अनुभवांतून पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागें वि. स. पागे यांचें चिंतन होतें. माझ्या विद्यार्थ्याची आजी त्याच पन्नास लाखांतली एक. तिनें कोश पाहिला नव्हता. तिच्या सासूनें किंवा आजेसासूनें तिला हा शब्द दिला असेल, आणि फोडलेल्या खडीच्या ढिगापाशीं बसून तिला तो समजला असेल.

आतां थोडें वापराविषयीं, कारण मास्तर तें सांगितल्यावांचून राहत नाहीं. धारण हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून 'माझी पांचांवर धारण बसली,' 'साऱ्या गांवाची पांचांवर धारण बसली,' असेंच म्हणावें. 'मी पांचांवर धारण बसलों' असें उत्तरपत्रिकांतून पुष्कळदां वाचावयास मिळतें. तसें म्हणणाऱ्यानें स्वतःसच बाजारभाव केलें आहे. किरकोळ काळजीस हा प्रयोग शोभत नाहीं. तेथें धास्ती पुरते. वडीलधाऱ्यांच्या आदरयुक्त भयासही नाहीं. तेथें धाक आहे. ज्या भीतीनें माणसाचें अवसान गळतें आणि पुढचें कांहीं सुचेनासें होतें, तेथेंच हा प्रयोग करावा. आज आपण तो परीक्षेच्या निकालास लावतों, क्रिकेटच्या शेवटच्या षट्‌कास लावतों, अर्धवट हंसतही लावतों. त्यास माझी हरकत नाहीं. शब्दास मूळ अर्थाच्या दावणीला कायमचें बांधून ठेवतां येत नाहीं, आणि आपल्या घरांत पांचांची धारण राहिली नाहीं म्हणूनच आपण तिला हंसूं शकतों. मात्र असें हंसतां येणें हें थोडें दैव आणि पुष्कळ माणसांच्या कष्टांचें फळ आहे, एवढें ध्यानांत असावें.

तो मुलगा आतां मोठा होऊन कोठें तरी नोकरीस लागला असेल. कदाचित् हें भाषण ऐकतही असेल. त्यानें मला उत्तर सांगितलें तें हळू आवाजांत, माझी चारचौघांत फजिती होऊं नये म्हणून. मीं त्याला खालीं बसविलें होतें तें मात्र मोठ्या आवाजांत. म्हणून माझी चूकही आज मोठ्यानेंच सांगितली. आपल्या घरांत कोणी वृद्ध मंडळी असतील, तर त्यांना एखादा जुना शब्द विचारून पाहावा. आणि लहान मुलानें आपणांस विचारला, तर ठाऊक नसल्यास ठाऊक नाहीं असें म्हणावें. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.